मिशिगनमध्ये नकाशा बरा आहे, मोजणी चुकतेय

गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि दहा मिनिटांत बेसमेंटमध्ये तेच भांडण सुरू झालं जे आमच्याकडे २०२२ पासून दर थोड्या दिवसांनी होतंच. एका बाजूचं म्हणणं, श्री ठाणेदारांसारखा बेळगावचा मराठी माणूस डेट्रॉईटमधून अमेरिकेच्या संसदेत जाऊन बसला हे काही लोकांना बघवत नाही, म्हणून हा सगळा आरडाओरडा. दुसऱ्या बाजूला आमचीच इथे वाढलेली कॉलेजातली पोरं, त्यांचं म्हणणं की मतदारसंघ आखणाऱ्या कमिशनने नकाशाच असा काढला की डेट्रॉईटच्या ब्लॅक लोकांची हक्काची सीट गेली आणि आपण त्यावर पेढे वाटतोय. आणि टेक्सासने मध्येच मतदारसंघ बदलायचा राडा केल्यापासून तिसरा एक गट तयार झालाय, तो म्हणतो की तिकडे ते पाच-पाच सीट उचलतायत आणि आपण इथे साधुसंत होऊन बसलोय, कमिशन गुंडाळा आणि नकाशा आपल्या पक्षाच्या, म्हणजे डेमोक्रॅटांच्या, हातात द्या. मी तिघांचंही ऐकून घेतो, तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे, पण माझं मत आता पक्कं झालंय की तिघंही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं करतायत. मिशिगनमध्ये मतदारसंघांचा नकाशा नागरिकांच्या कमिशनने काढावा हे बरोबर आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे. बिघाड आहे तो ऑगस्टमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, जिथे पंचवीस-तीस टक्के मतांवर माणूस निवडून येतो आणि बाकी सत्तर टक्के लोकांना दोन वर्षं गप्प बसावं लागतं. पेन कोणाच्या हातात हा एक प्रश्न आणि मतं मोजायची कशी हा दुसरा, या दोघांची खिचडी केली की चांगली गोष्ट मोडायला निघतो आणि मोडकी तशीच राहते.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. इथली काँग्रेस म्हणजे संसद, तिचं खालचं सभागृह म्हणजे हाऊस, त्यात ४३५ जागा आणि निवडणूक दर दोन वर्षांनी. दर दहा वर्षांनी जनगणना होते, तिच्यावरून कुठल्या राज्याला किती जागा हे ठरतं, आणि मग प्रत्येक राज्य आपापल्या हद्दीत मतदारसंघ आखतं. मिशिगनची लोकसंख्या २०२० मध्ये एक कोटीच्या वर गेली तरी बाकीची राज्यं जास्त वेगाने वाढली म्हणून आमच्या १४ च्या १३ जागा झाल्या, म्हणजे एका मतदारसंघात जवळपास पावणेआठ लाख माणसं. आता ही रेघ आखायची कोणी? बहुतेक राज्यांत तिथली विधानसभाच आखते. महानगरपालिकेच्या प्रभाग रचनेवरून आपल्याकडे काय काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली गोम वेगळी सांगायला नको. ज्याला निवडून यायचंय तोच ठरवणार की आपल्याला मत देणारे कोण!

२०११ मध्ये मिशिगनची विधानसभा, सिनेट आणि गव्हर्नर तिन्ही रिपब्लिकन होते, त्यांनी नकाशा काढला. पुढच्याच वर्षी ओबामांनी राज्य नऊ टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकलं, हाऊसच्या चौदाही लढतींची मतं एकत्र केली तर डेमोक्रॅट उमेदवारांची मतं जास्त होती, आणि जागा? रिपब्लिकन ९, डेमोक्रॅट ५. मी तेव्हा फार्मिंग्टन हिल्सला भाड्याने राहायचो, आमचा मतदारसंघ १४ वा. घरातल्या टेबलावर नकाशा उघडून त्याच्यावरून बोट फिरवलं तर बोट आमच्याकडून साऊथफील्डला जायचं, एकीकडे वर पाँटियाकपर्यंत चढायचं, दुसरीकडे डेट्रॉईटच्या पूर्व भागातून हॅमट्रॅमिक आणि तिथून थेट तळ्याकाठच्या ग्रोस पॉइंटच्या बंगल्यांपर्यंत. आमच्याच मतदारसंघाच्या त्या टोकाला जायचं तर गाडी मध्येच दुसऱ्याच्या मतदारसंघातून न्यायला लागायची. हे कशासाठी केलं हे तेव्हा कोणी कबूल करत नव्हतं. नंतर कोर्टात केस उभी राहिली आणि २०१८ मध्ये ईमेल बाहेर आले, त्यात एका रिपब्लिकन स्टाफरने लिहिलं होतं की डेट्रॉईट परिसरातल्या चार काउंट्यांमधला, म्हणजे जिल्ह्यांमधला, सगळा डेमोक्रॅट ‘कचरा’ चारच मतदारसंघांत कोंबता येईल. कचरा हा शब्द माझा नाही, त्यांचा आहे. त्या चार काउंट्यांमध्ये राहणारी लाखो माणसं, त्यात आमची कॉलनीसुद्धा आली.

फेडरल कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी एप्रिल २०१९ मध्ये त्या नकाशातले ३४ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले, त्यात हाऊसचे होते आणि राज्य विधिमंडळाचेही. आणि दोनच महिन्यांत सुप्रीम कोर्टाने नॉर्थ कॅरोलायनाच्या केसमध्ये सांगून टाकलं की पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा वाकडा काढणं हा फेडरल कोर्टांनी सोडवायचा प्रश्नच नाही. झालं, आमचा निकालही त्यासोबत वाहून गेला. म्हणजे कोर्टाचं दार बंद, आणि विधानसभेकडे न्याय मागायचा तर तीच आरोपी.

पण तोपर्यंत मिशिगनच्या लोकांनी तिसरं दार उघडलं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये केटी फेही नावाच्या सत्तावीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर दोन ओळी टाकल्या की मला हे जेरीमँडरिंग (पक्षाच्या फायद्यासाठी वाकडे मतदारसंघ आखणं) बंद करायचंय, कोणाला यायचंय का. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणायला ३,१५,६५४ सह्या लागत होत्या, यांनी सव्वाचार लाखांच्या वर जमवल्या, त्याही पैसे देऊन माणसं न लावता. २०१७ च्या उन्हाळ्यात शनिवारच्या भाजीबाजारात एक साठीच्या बाई क्लिपबोर्ड आणि मतदारसंघांच्या आकाराचे पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन उभ्या होत्या. आमच्या १४ व्याचा तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला, तो इतका आडवातिडवा कापलेला होता की मध्ये चिकटपट्टी लावून धरून ठेवला होता. मी ग्रीन कार्डवर, सही करायचा अधिकार नाही, तसं सांगितलं तर म्हणाल्या, मग घरी नेऊन कोणाला तरी दाखव. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे. २०१८ मध्ये ६१ टक्के मतांनी दुरुस्ती पास झाली.

कमिशन कसं बनतं ते बघा, कारण टीका करणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. एकूण १३ जण, ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. आमदार, खासदार, उमेदवार, लॉबिस्ट, पक्षाचे पदाधिकारी हे कोणीही चालत नाहीत, त्यांचे आईबाप, मुलं, नवराबायकोही नाहीत. अर्ज केलेल्या हजारो सामान्य मतदारांतून चिठ्ठ्या टाकून निवड. नकाशा पास करायचा तर दोन्ही पक्षांचे आणि अपक्षांचे किमान दोन-दोन जण बाजूने लागतात. डिसेंबर २०२१ मध्ये ‘चेस्टनट’ नावाचा नकाशा १३ पैकी ८ मतांनी पास झाला. त्याच्या आधी गावोगावी सुनावण्या झाल्या, हॅमट्रॅमिकच्या बांगलादेशी मंडळींनी येऊन सांगितलं की आमची बांगलाटाउन मध्येच कापू नका, डिअरबॉर्नच्या अरब लोकांनी आपलं सांगितलं, शेतकरी आले, तळ्याकाठचे लोक आले. प्रत्येकाला माईकवर मोजकाच वेळ, समोर तेरा थकलेले चेहरे, आणि सगळं ऑनलाइन लाइव्ह. २०११ मध्ये यातलं काय झालं होतं?

आणि निकाल? २०२२ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर व्हिटमर दणक्यात जिंकल्या, हाऊसमध्ये डेमोक्रॅट ७, रिपब्लिकन ६. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी राज्य सुमारे ८०,००० मतांनी घेतलं, हाऊसमध्ये रिपब्लिकन ७, डेमोक्रॅट ६. वारं थोडं फिरलं, एक सीट फिरली. ग्रँड रॅपिड्स, जे एके काळी माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचं घरचं मैदान, तिथून २०२२ मध्ये १९७० च्या दशकानंतर पहिल्यांदा डेमोक्रॅट निवडून आल्या, आणि त्याच दिवशी मॅकोंब काउंटीच्या दहाव्या मतदारसंघात रिपब्लिकन जॉन जेम्स फक्त १,६०० च्या आसपास मतांनी आले. इतकी चुरस असली की दोन्हीकडचे उमेदवार दारावर येतात, फोन उचलतात. नकाशा चांगला आहे की नाही हे मी एवढ्यावरच ठरवतो, मतदाराने मन बदललं तर निकाल बदलतो का. एक मान्य करतो, २०११ चा नकाशाही शेवटी फुटला, २०१८ मध्ये डेट्रॉईटजवळच्या ओकलंड काउंटीच्या सबर्बमधल्या लोकांनी पाठ फिरवली आणि ७-७ झालं. पण त्यासाठी तीन निवडणुका, सहा वर्षं आणि मोठी लाट लागली. लोकशाहीत आपलं मत पोचायला त्सुनामी यावी लागत असेल तर रोजच्या मताला किंमत काय राहिली?

आता तिसऱ्या गटाचं म्हणणं, कारण सगळ्यात भक्कम मुद्दा त्यांच्याकडेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासने जनगणना नसताना, मध्येच, पाच जागा वाढवायच्या हेतूने उघडपणे नकाशा बदलला. मिझुरी, नॉर्थ कॅरोलायना त्याच वाटेने गेले. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरमध्ये लोकांचा कौल घेऊन स्वतःच्या कमिशनचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला. आणि डेमोक्रॅट काही धुतल्या तांदळाचे नाहीत, इलिनॉयचा नकाशा बघा. २०२४ मध्ये हाऊसचा निकाल लागला २२० विरुद्ध २१५, म्हणजे तीन-चार सीट इकडच्या तिकडे झाल्या तर देशाचं बजेट, आरोग्य विमा, आपल्या एच-वन आणि ग्रीन कार्डच्या रांगा, सगळ्याचं पान उलटतं. अशा वेळी एकट्या मिशिगनने सरळ वागायचं म्हणजे समोरचा तलवार घेऊन आलाय आणि आपण म्यान दाखवतोय, असं ते म्हणतात. मला हे हसण्यावारी नेता येत नाही. मिशिगनच्या प्रामाणिकपणाची किंमत आहे आणि ती खरीखुरी माणसं मोजतात.

तरी मी त्यांच्या बाजूला जात नाही. २०२३-२४ ही दोन वर्षं मिशिगनमध्ये डेमोक्रॅटांकडे विधानसभा, सिनेट आणि गव्हर्नर तिन्ही होते, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कमिशन नसतं तर पेन त्यांच्या हातात होतं. मग २०२४ मध्ये विधानसभा गेली. म्हणजे सत्ता दोन वर्षांची पण नकाशा दहा वर्षांचा. पुढच्या जनगणनेच्या वर्षी तिन्ही खुर्च्या कोणाकडे असतील हे कोण सांगणार? आज ज्याला पेन हवंय त्याला उद्या तेच पेन दुसऱ्याच्या हातात बघायला लागणार, आणि या राज्यात तर ते २०११ ला बघून झालंय. दुसरं असं की ही राज्याराज्यांतली चढाओढ पहिल्यांदा होत नाहीये. १८४० च्या आधी काही राज्यं मतदारसंघच करत नसत, अख्ख्या राज्याची एकच यादी, ज्याला एक मत जास्त त्याच्या सगळ्या जागा. एकाने केलं की दुसऱ्याला वाटायचं आपण का मागे राहायचं. ते थांबलं ते कसं? १८४२ मध्ये काँग्रेसने कायदा केला की एका मतदारसंघातून एकच सदस्य. आता खोटं कशाला बोलू, चार राज्यांनी तो कायदा धुडकावला आणि त्यांचे सदस्य तरी सभागृहात बसले, सगळं सुरळीत व्हायला वेळ लागला. पण रस्ता तोच होता आणि आजही तोच आहे, हाऊसच्या निवडणुका कशा घ्यायच्या याचे नियम बदलायचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलेला आहे. पक्षाच्या फायद्याचे नकाशे देशभर बंद करायचं बिल जानेवारी २०२२ मध्ये सिनेटमध्ये अडकून पडलं. राग काढायचा तर तिथे काढा. आणि ते बिल पुन्हा येईल तेव्हा दाखवायला एखादं तरी राज्य हवं ना, जिथे दोन्ही पक्षांचे आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले लोक एकत्र बसून नकाशा काढतात आणि आभाळ कोसळत नाही?

कमिशन नवखं आहे, चुका करतं, हा दुसरा आक्षेप, आणि तोही खरा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी वंश आणि मतदान हक्काच्या कायदेशीर सल्ल्यावर बंद दाराआड मीटिंग घेतली, राज्याच्या सुप्रीम कोर्टाला त्याचं रेकॉर्डिंग उघड करायला लावावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने डेट्रॉईट भागातले राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ रद्द केले, कारण कमिशनच्या तज्ज्ञांनी वंशाचे टक्के डोळ्यासमोर ठेवून रेघा मारल्या होत्या, डेट्रॉईटची ब्लॅक वस्ती पाकळ्यांसारखी कापून सबर्बला जोडली होती. (हाऊसचे मतदारसंघ त्या केसमध्ये नव्हते, हे आमच्या बेसमेंटमध्ये दर वेळी विसरलं जातं.) ही चूक मोठी होती, डेट्रॉईटच्या लोकांचा राग रास्त होता. पण ती चूक सापडली कशी? कमिशनच्या उघड मीटिंगांच्या व्हिडिओतून आणि लेखी नोंदींतून. तज्ज्ञ काय बोलले ते शब्दशः कोर्टापुढे आलं, दोन वर्षांत निकाल, काही महिन्यांत नवे नकाशे. २०११ चे ईमेल बाहेर यायला सात वर्षं लागली, आणि नकाशा सरळ करायची वेळ आली तेव्हा दारच बंद झालं होतं. चुकणारे दोघंही, पण एकाची चूक उजेडात होते आणि दुसऱ्याची तळघरात, हा फरक लहान नाही.

आता मूळ भांडणाकडे येतो, डेट्रॉईटची सीट. चार्ल्स डिग्ज १९५४ ला निवडून आले आणि १९५५ पासून डेट्रॉईटचा किमान एक ब्लॅक प्रतिनिधी हाऊसमध्ये कायम होता. जॉन कॉनयर्स १९६५ पासून २०१७ पर्यंत, बावन्न वर्षं. ज्या शहरात दहातले साधारण आठ लोक ब्लॅक आहेत, ज्या शहराने मोटारी बनवल्या, ज्याने १९६७ च्या दंगलीची आग पाहिली आणि २०१३ चं दिवाळं पाहिलं, त्या शहराकडून जानेवारी २०२३ मध्ये हाऊसमध्ये एकही ब्लॅक माणूस नव्हता. ही साधी गोष्ट नाही. आपल्यातल्या ज्यांना हे ऐकून नुसती चिडचिड होते त्यांनी क्षणभर विचार करावा की मुंबईत सत्तर वर्षं जे चालत आलं ते एका निवडणुकीत संपलं तर आपण काय काय बोललो असतो. नव्या नकाशात १२ व्या आणि १३ व्या दोन्ही मतदारसंघांत ब्लॅक मतदार निम्म्याखाली आले, जुन्या १३ व्या आणि १४ व्यात निम्म्यावर होते, हेही खरं आहे. तेव्हा पोरांचा राग मला समजतो.

पण नकाशाने सीट घालवली हे मला पटत नाही, आणि त्याचा पुरावा कमिशन जन्माला यायच्या आधीचा आहे. कॉनयर्स यांनी डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला. ऑगस्ट २०१८ मध्ये १३ व्या मतदारसंघात एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर, दोन डेमोक्रॅटिक प्रायमरी झाल्या, एक उरलेल्या काही आठवड्यांच्या मुदतीसाठी आणि एक पुढच्या पूर्ण दोन वर्षांसाठी. छोट्या मुदतीच्या रांगेत चार नावं होती, मोठ्या मुदतीच्या रांगेत सहा. छोट्यात ब्लॅक उमेदवार ब्रेंडा जोन्स सुमारे १,६०० मतांनी जिंकल्या. मोठ्यात अरब वंशाच्या रशीदा तलीब सुमारे ९०० मतांनी जिंकल्या, ३१ टक्के मतांवर. तेच शहर, तोच मतदार, तीच मिनिटं, त्याच पेनने भरलेले गोल, सीटही तीच, आणि विजेते दोन वेगळे. का? तर दुसऱ्या रांगेत दोन नावं जास्त होती आणि मतं फुटली. तो मतदारसंघ तेव्हा ब्लॅक बहुमताचाच होता, नकाशा २०११ चाच होता. मग यात नकाशाने काय केलं?

२०२२ मध्ये तेच पुन्हा झालं, फक्त जास्त मोठ्या प्रमाणात. नवा १३ वा मतदारसंघ, नऊ उमेदवार, त्यातले ठाणेदार सोडून बहुतेक ब्लॅक. श्री ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले, दुसऱ्या नंबरचे अ‍ॅडम हॉलियर २३-२४ टक्क्यांवर, उरलेली जवळपास निम्मी मतं सात जणांत वाटली गेली. मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक की नोव्हेंबरची निवडणूक औपचारिकता, खरी निवडणूक ऑगस्टमध्येच संपलेली, जेव्हा निम्मे लोक अप नॉर्थला, म्हणजे राज्याच्या उत्तर भागात, सुट्टीवर असतात. शंभरातल्या बहात्तर जणांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं होतं. त्या बहात्तरांना दुसरी पसंती विचारली असती तर कदाचित हॉलियर आले असते, कदाचित आणखी कोणी, कदाचित ठाणेदारच आले असते. आपल्याला कळायला मार्गच नाही कारण विचारलंच नाही.

इथे पहिल्या गटाशी बोलतो, कारण ती माझीच माणसं आहेत. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात गरिबीत वाढलेला, १९७९ मध्ये इथे येऊन केमिस्ट्रीत पीएचडी केलेला, धंदा बुडाल्यावर पुन्हा उभा राहिलेला माणूस संसदेत बसतो याचा मलाही अभिमान वाटतो. त्यांनी नियमात राहून जिंकलं. प्रचारात स्वतःचे लाखो डॉलर ओतले हे खरं, तसे हॉलियर यांच्यासाठी बाहेरच्या गटांनीही ओतले. २०२४ च्या प्रायमरीत तर त्यांना निम्म्याहून जास्त मतं पडली, तेव्हा ते लोकांना नकोच होते असं म्हणणं चुकीचं आहे. पण प्रश्न विचारला की लगेच ‘मराठी माणसाच्या पायात पाय’ असं म्हणणं बंद करा. ज्या नियमाने आज आपला माणूस आला त्याच नियमाने उद्या आपल्या चार मतांची फाटाफूट होऊन कोणीही येईल. आपला असला की मतविभागणी ही चतुराई आणि दुसऱ्याचा असला की अन्याय, असं कसं चालेल?

उपाय अवघड नाही. मतपत्रिकेवर एकच गोल भरायच्या ऐवजी पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहा. कोणाला निम्मी मतं नसतील तर शेवटचा बाद करा, त्याच्या मतदारांची पुढची पसंती मोजा, कोणीतरी निम्म्यावर जाईपर्यंत. मेन राज्यात २०१८ पासून हाऊसच्या निवडणुका अशाच होतात, आणि पहिल्याच वर्षी तिथल्या दुसऱ्या मतदारसंघात पहिल्या फेरीत मागे असलेले जॅरेड गोल्डन पुढच्या पसंत्यांवर निवडून आले. दुसरा मार्ग जॉर्जियासारखा, पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक. पण तो मला तितका आवडत नाही, एक तर लोक दुसऱ्यांदा येत नाहीत, आणि जॉर्जियात तो नियम १९६० च्या दशकात आणला गेला तेव्हा आणणाऱ्यांच्या मनात ब्लॅक उमेदवार गोऱ्यांच्या मतविभागणीतून येऊ नये हेच होतं. नियम चांगला दिसला तरी तो कोणाच्या पोटातून आलाय हे बघावंच लागतं, म्हणून डेट्रॉईटच्या लोकांनी अशा सुधारणेकडे संशयाने पाहिलं तर मी त्यांना दोष देणार नाही. त्यांना मी अ‍ॅन आर्बर दाखवेन. इथून पाऊण तासावरचं गाव, १९७५ ची महापौर निवडणूक, पसंतीक्रमाने. रिपब्लिकन महापौर पहिल्या फेरीत ४९ टक्क्यांवर, डेमोक्रॅट अल्बर्ट व्हीलर ४० वर, तिसऱ्या पक्षाच्या उमेदवार ११ वर. दुसऱ्या पसंत्या मोजल्या आणि व्हीलर १२१ मतांनी निवडून आले, अ‍ॅन आर्बरचे पहिले ब्लॅक महापौर. जुन्या पद्धतीत ते हरलेच असते. पुढच्याच वर्षी लोकांनी मतदान करून ती पद्धत काढून टाकली, हेही सांगितलं पाहिजे. हरलेल्यांना ती आवडली नाही आणि हाताने मोजायला तेव्हा वेळही फार गेला.

लोकांना कळणार नाही, गोंधळ होईल, असं म्हणतात. मिशिगनची ऑगस्टची मतपत्रिका कधी हातात घेतलीय का? डावीकडे एक पक्ष, उजवीकडे दुसरा, चुकून एक गोल पलीकडच्या रांगेत भरला तर तो सगळा भाग बाद. हे ऐंशी वर्षांच्या आजीबाई डोळ्याला भिंग लावून बरोबर भरतात. त्यांना एक, दोन, तीन कळणार नाही? काही जण फक्त पहिली पसंती लिहितील, त्यांचं मत शेवटच्या फेरीपर्यंत टिकेलच असं नाही, निकालाला दोन दिवस जास्त लागतील, हे तोटे आहेतच. पण आज बहात्तर टक्के मतं पहिल्याच फेरीत मातीत जातायत त्याचं काय?

प्रायमरीत सगळ्यात जास्त मतं मिळाली की जिंकला हा राज्याच्या साध्या कायद्यातला नियम आहे. विधिमंडळ बदलू शकतं, नाहीतर पुन्हा सह्या. विधिमंडळ करेल असं मला वाटत नाही, त्यातले किती जण याच नियमावर आलेत. म्हणजे पुन्हा क्लिपबोर्डच. आता मी नागरिक आहे, सही करता येते, आणि भाजीबाजारात उभंही राहता येतं. आणि २०३० उजाडेपर्यंत नव्या कमिशनसाठी अर्ज निघतील, तेरा जागा, चिठ्ठ्या टाकून. परवा बेसमेंटमध्ये ज्या पोरीने माझ्याशी सगळ्यात जास्त वाद घातला तिला मी तो पुठ्ठ्याचा १४ व्या मतदारसंघाचा तुकडा दिला. चिकटपट्टी सुकली होती, मधून दोन तुकडे झाले. ती म्हणाली, काका, अर्ज मी करणार, पण डेट्रॉईटचं मला जे म्हणायचंय ते मी तिथेही म्हणणार. म्हण की, त्यासाठीच तर तो माईक आहे.